फाटकावर दाबलेलं बटण

दुपारी दोनला माझा आयडी बंद झाला आणि चार वाजता दिराचा फोन आला. बातमी त्याला कुठून लागते देव जाणे!

"काय वहिनी, झालं का गाव हिंडून? दुकानाचं दार तुम्हाला उघडंच आहे हो."

"दार लावून घ्या भाऊजी, माश्या येतील," म्हटलं आणि फोन ठेवला.

बोलले खरी, पण ते दार मला चांगलं ठाऊक होतं. नवरा गेल्यावर चौदा वर्षं दिराच्या कापडाच्या दुकानात उभी होते. पगाराचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं, "घरच्या माणसाला कसला आलाय पगार?" पंचेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकले, तीनदा आपटले, आणि जेवणाची पार्सलं पोचवायला लागले. आता कंपनीचा आयडी गेला म्हणजे काम गेलं, पुन्हा तोच काउंटर. मेले तरी जाणार नव्हते.

चूक माझीच होती, ती आधी सांगून टाकते. उंच इमारतीत वर गेलं की फोनची रेंज जाते. 'पोचवलं' हे बटण वरून दाबताच येत नाही, वेळ उलटते आणि आपल्या नावावर उशीर लागतो. म्हणून आम्ही सगळेच फाटकावर बटण दाबतो आणि मग वर पळतो. दोन मिनिटांचा तर फरक, कुणाच्या बापाचं काय जातं! त्या दिवशी मात्र सामानाची लिफ्ट बंद होती आणि रहिवाशांच्या लिफ्टमध्ये आम्हाला घेत नाहीत. नऊ मजले चढता चढता गुडघ्यांनी राम म्हटला. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं, पिशवी जवळजवळ हिसकावलीच आणि दार आपटलं. तासाभरात फोनवर आलं, 'जेवण मिळाले नाही अशी ग्राहकाची तक्रार आहे. आपला आयडी बंद करण्यात येत आहे.'

मिळालं नाही? माझ्या हातून घेतलंत की हो!

मदत केंद्रात माणूस नाही, यंत्र उत्तरं देतं. 'आम्ही आपल्या भावना समजू शकतो,' म्हणालं. मेल्या, तुला कसल्या भावना! दहा वेळा खणलं तेव्हा एक कामाचं वाक्य निघालं. तीन दिवसांत ग्राहकाने स्वतः खुलासा केला, तरच फेरविचार.

लगेच इमारतीपाशी गेले. वॉचमन म्हणाला, "ऑर्डर असेल तर वर, नाहीतर घरी." त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता, तोही हुकमाचा ताबेदार. पण मला एक माहीत होतं. नवव्या मजल्यावरून रोज साडेबाराला त्याच हॉटेलात तीच ऑर्डर येते, सूप आणि मऊ ब्रेड. दुसऱ्या दिवशी मी हॉटेलच्या दाराशी ठाण मांडलं. ऑर्डर एका नव्या पोराला मिळाली, त्याने माझं ऐकूनच घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. शेवटचा दिवस. या वेळी ऑर्डर बुलेटला लागली. त्याला बुलेट म्हणतात कारण तो सायकलवर असतो.

"ताई, कुणी पाहिलं तर माझाही आयडी जाईल."

"पार्सल तुझ्याच हातात राहू दे. मी नुसती मागून चालते. जिना चढायला कुणाला विचारायचंय?"

तो हसला आणि "मदतीला आणलंय" असं वॉचमनला सांगून मला फाटकातून आत घेतलं. सवयीप्रमाणे त्याने तिथेच बटण दाबलं. लिफ्ट अजून बंदच होती. आम्ही धापा टाकत आठव्या मजल्यावर आलो, तेवढ्यात वरून दार उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने बंद झाल्याचा. नवव्या मजल्यावर पोचलो तर आतून टक, टक, टक असा आवाज लांब लांब जात होता. चालायला धरतात त्या चार पायांच्या वॉकरचा.

मी बेल दाबली. आवाज थांबला. मग तोच आवाज परत दाराकडे यायला लागला, इतका हळू की मला उभं राहवेना. दोन ठोक्यांच्या मधे त्यांचा श्वास ऐकू येत होता. आम्ही खाली बटण दाबलं की 'पोचवलं' म्हणून ह्यांचा फोन वाजतो, हे उठतात, दारापर्यंत येतात, बाहेर कुणी नसतं. परत जाऊन बसतात तोवर आम्ही बेल वाजवतो. आम्ही रोज ह्यांना दोनदा उठवत होतो! लाज वाटली मला, फार लाज वाटली.

दार उघडलं. "आता दोघं दोघं येता? आणि तरी मला दोनदाच उठवता?"

"काका, परवा मीच होते. चुकलं माझं."

त्यांनी मला निरखून पाहिलं. तक्रार त्यांच्या मुलीने केली होती. तीच परगावाहून ऑर्डर देते, फोन नंबर काकांचा टाकून. 'दोनदा उठवतात' असा पर्याय फोनवर नव्हता, म्हणून तिने जवळचा दाबला. मी आयडीचं सगळं सांगितलं.

"तक्रार मागे घेणार नाही," ते म्हणाले. "त्रास झाला तो खरा आहे."

"घेऊ नका. घडलं तेवढंच लिहायला सांगा. जेवण मिळालं, पण बाईने बटण आधी दाबलं."

बुलेटने मागून कोपर मारलं. "ताई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय!"

"पडू दे. खोटं लिहून घ्यायला नऊ मजले चढले नाही मी."

काकांनी मुलीला फोन लावला आणि अगदी तेच शब्द सांगितले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आयडी उघडला, खाली 'अंतिम ताकीद' लिहून. दिराला मीच फोन केला. "भाऊजी, दुकानात दुसरं कुणीतरी बघा. पगार मात्र द्या त्याला."

आठवड्याने नवव्या मजल्याची ऑर्डर मला लागली. फाटकावर अंगठा आपोआप बटणाकडे गेला. आवरला. जिना चढले. वर पोचेपर्यंत वेळ उलटून गेली होती. बेलवर बोट टेकतंय तोच दार उघडलं. काकांनी खुर्ची आणवून दाराजवळ ठेवली होती आणि तिच्यावर ते बसले होते.

"लागला का उशीर तुझ्या नावावर?"

"लागला."

"मग दाबत जा खालीच. मी आता इथेच बसतो."

दारातून वारा सरळ त्यांच्या अंगावर येत होता. मी सूपची पिशवी मनगटाला अडकवली, ते उठल्यावर खुर्ची उचलली आणि त्यांच्या वॉकरच्या टक टक आवाजामागून चालत आत खिडकीपाशी, तिच्या जागेवर, नेऊन ठेवली.

"तुम्ही इथेच बसायचं काका. बेल वाजली की एकदाच उठायचं. बटण मी खाली उतरल्यावर दाबेन."