भाजीच्या ट्रेमधला कप

"तुमची मुलगी कुठल्या शाळेत जाते हो?" विमावाल्या वहिनींनी विचारलं, तेव्हा फ्रीजवाल्याचं डोकं त्यांच्या फ्रीजरमध्ये होतं.

फ्रीजरमध्ये डोकं असताना खरं बोलायला काहीच हरकत नसते. तोंड दिसत नाही, आवाज घुमतो, आणि पुढे कधी अंगाशी आलंच तर 'तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल' म्हणायची सोय राहते. पण दार उघडण्यापूर्वी त्याने दारावरचं मॅग्नेट पाहिलं होतं. घड्याळवाल्या शाळेचं. ती शाळा दरवर्षी प्रत्येक मुलाचा हसरा फोटो चौकटीत घालून मागे लोहचुंबक लावून घरी पाठवायची. विमावाल्या वहिनींच्या दारावर त्यांचा मुलगा पुढचे दोन दात नसताना हसत होता.

फ्रीजवाल्याला शहरातल्या माणसांचे चेहरे आठवत नसत, फ्रीजची दारं आठवत. ज्या दारावर ते मॅग्नेट असे, त्या घरात त्याला "चपला बाहेर काढा" हेसुद्धा आवाज न चढवता सांगितलं जाई. त्याच्या स्वतःच्या फ्रीजच्या दारावर फक्त फ्रीजचा रंग होता.

"घड्याळवाल्या," तो फ्रीजरच्या आतून म्हणाला.

"अगंबाई! कधी बोलला नाहीत!"

"विषय निघाला नाही," तो म्हणाला, आणि उगाचच एक घट्ट असलेला स्क्रू आणखी घट्ट केला.

मुलगी मागच्या शाळेत जात होती. घड्याळवाल्या शाळेच्या मागे, तिच्याच भिंतीला पाठ लावून उभी असलेली सरकारी शाळा. तिला नाव होतं, पण सगळे 'मागची' म्हणत. शाळा चांगली होती, बाई शिकवत होत्या, मुलं शिकत होती. तक्रार करायला जागाच नव्हती आणि हीच अडचण होती, कारण तक्रार असती तर निदान चारचौघांत काही बोलता तरी आलं असतं.

घड्याळवाल्या शाळेत प्रयत्न केला नव्हता असं नाही. मुलाखतीला बोलावलं होतं. तिघींना. म्हणजे मुलीला, बायकोला आणि त्याला, पण कागदावर 'दोन्ही माता' असं काहीतरी चुकून छापलं होतं आणि ते दुरुस्त करायचं त्याचं धाडस झालं नाही. मुलीला रंग विचारले. तिने सगळे सांगितले, शिवाय बाईंच्या केसांचे दोन वेगवेगळे रंगही सांगितले. मग मोहरा आईबापांकडे वळला.

"सुट्टीत तुम्ही कुटुंब म्हणून कुठे जाता?"

"गिऱ्हाइकाकडे," तो म्हणाला. "उन्हाळ्यात तर रविवारीसुद्धा."

"सगळे?"

"नाही, एकटाच. पण कुटुंब म्हणूनच जातो."

बाई हसल्या नाहीत. त्याने विनोद केलाही नव्हता. आठवड्याने निकाल कळला. मुलगी पास, आईबाप नापास. मुलीने आईबापांची समजूत काढली. "पुढच्या वर्षी अभ्यास करा," ती म्हणाली. तिला घरात खारू म्हणत, कारण ती दोन पायऱ्या कधी दोन पायऱ्यांसारख्या चढत नसे, एक उडी मारत असे.

तर फ्रीजरमधलं ते खोटं त्याची मोटरसायकल गल्लीत शिरण्याआधी गल्लीत शिरलं. तो घरी आला तेव्हा बायको शिलाई मशीनपुढे बसली होती, पण मशीन चालत नव्हतं.

"तुम्ही विमावाल्या वहिनींना काय सांगितलंत?"

"गॅस कमी झालाय म्हणून सांगितलं."

"ते नव्हे हो."

त्याने मनातल्या मनात माफीची जुळवाजुळव सुरू केली. पण बायको भलतंच बोलायला लागली.

"मी दूध आणायला गेले होते. तर त्या बाकावरच्या बायका सरकल्या."

"कुठे सरकल्या?"

"बाजूला. मला बसायला जागा केली."

गल्लीच्या कोपऱ्यावर एक सिमेंटचा बाक होता. घड्याळवाल्या शाळेची व्हॅन मुलांना घेऊन गेली की त्यांच्या आया तिथे थोडा वेळ बसत. बाक कुणाच्या मालकीचा नव्हता, त्यामुळे त्यावर कुणी बसायचं हे फार पक्कं ठरलेलं होतं. बायकोने त्या सगळ्याजणींचे पडदे शिवले होते. कुणाची खिडकी किती रुंद, कुणाला झोपायला किती अंधार लागतो, सगळं तिला तोंडपाठ. पण बाकापाशी आली की ती 'पडदेवाल्या' असे आणि पडदेवाल्या उभ्या राहत.

"काय बोललात मग?" त्याने विचारलं.

"काही नाही. एकीच्या सासूचा गुडघा. दुसरीच्या नवऱ्याचं घोरणं." ती थांबली. "मला विचारलं, तुमचे घोरतात का."

"तू काय सांगितलंस?"

"घोरतात म्हटलं. किती वर्षांनी कुणीतरी मला काहीतरी विचारलं हो, खिडकीचं माप सोडून."

तो घोरत नव्हता. पण एक खोटं तो बोलला होता, एक ती. फिट्टंफाट झाली.

"उद्या जाऊन खरं सांगून टाकतो," तो म्हणाला.

"सांगा ना. आणि मी परत उभी राहते."

फ्रीजमध्ये काय बिघडलंय हे तो आवाजावरून सांगायचा. बायकोच्या आवाजात बिघाड काहीच नव्हता. इतकी वर्षं बंद असलेलं काहीतरी नुकतंच चालू झालं होतं, आणि ते आपल्या हाताने बंद करायचं त्याच्या जिवावर आलं.

व्हॅनची कल्पना तिची. मुलीने घड्याळवाल्या शाळेच्या व्हॅनमधून जायचं, फाटकावरच्या घड्याळाखाली उतरायचं, भिंतीला वळसा घालून मागच्या शाळेत जायचं. येताना उलटं. दोन्ही शाळांचा गणवेश पांढरा-निळाच, फरक फक्त टायचा. आणि टाय स्टेशनरीच्या दुकानात मिळत होती. दुकानदार टाय विकताना प्रवेशपत्रिका बघत नाही.

फ्रीजवाला व्हॅनवाल्या मामांना भेटायला गेला. मामा टायर बघत होते.

"मुलीला घड्याळाच्या फाटकाशी सोडायचं."

"बरं."

"पण ती तिथून मागच्या शाळेत जाईल."

"बरं."

"म्हणजे ती मागच्याच शाळेत आहे."

"बरं म्हटलं ना. टाय काढून बसणार की घालून?"

"घालून."

"उतरल्यावर काढायला सांगा. मागच्या फाटकाशी बरं दिसत नाही."

मामांनी एवढं सगळं ऐकून भुवईसुद्धा हलवली नाही. खरं तर तेव्हाच संशय यायला हवा होता. पण फ्रीजवाल्याला वाटलं, माणूस सज्जन आहे.

मुलीला नियम सांगण्यात आला. शाळेतलं गल्लीत बोलायचं नाही.

"का?"

"असंच असतं," तो म्हणाला.

"मग बोलू कुठे?"

"व्हॅनमध्ये बोल."

काही दिवसांनी तिने कळवलं, "व्हॅनमध्ये सगळे गप्प बसतात."

"बघ," तो बायकोला म्हणाला. "शिस्त."

असं बरं चाललं होतं. बायको बाकावर बसत होती. कुणाच्या तरी बाळासाठी तिने हौसेने टोपडं शिवलं, कुणीतरी तिला स्वतःच्या दुखण्याची गोष्ट सांगताना रडली. रात्री जेवताना ती ते सगळं सांगे आणि तो लक्ष देऊन ऐके, मधूनमधून घोरण्याचा सराव करावा का असाही विचार त्याच्या मनात येऊन जाई.

मग मुलीने कप आणला.

सगळ्या शाळांच्या मिळून स्पर्धा झाल्या होत्या. लांब उडीत खारू पहिली आली. घड्याळवाल्या शाळेची मुलगी दुसरी. कप चांगला हातभर उंच, दोन कानांचा, आणि पोटावर मोठ्या अक्षरांत मागच्या शाळेचं नाव कोरलेलं. इतकं मोठं की लांबून आंधळ्यालाही बोचावं.

"फ्रीजवर ठेवू?" मुलीने विचारलं. फ्रीज दारासमोरच होता. येणाऱ्याजाणाऱ्याला पहिला तोच दिसे.

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं.

"फ्रीजवर नको," बायको म्हणाली. "पडेल."

"फ्रीजमध्ये ठेवू," तो म्हणाला. त्याच्या डोक्यात सुरक्षित जागा म्हटलं की फ्रीजच येई. "थंडाव्यात चकाकी टिकते."

हे त्या दिवसातलं दुसरं खोटं. पण ते इतकं तांत्रिक होतं की मुलीने मान डोलावली. कप भाजीच्या ट्रेमध्ये गेला, कोबी आणि गाजरांच्या मधोमध आडवा. मुलगी रोज शाळेतून आली की ट्रे ओढायची, बघायची, पुन्हा आत ढकलायची.

"दार उघडं ठेवू नकोस," तो ओरडायचा. "कॉम्प्रेसरवर लोड येतो."

एकदा तिने विचारलं, "बाबा, मी चुकून जिंकले का?"

"छे गं! का?"

"काही नाही. गाजर हवंय का तुम्हाला?"

त्या दिवशी तो कामावर गेला आणि एका गिऱ्हाइकाच्या फ्रीजमध्ये बराच वेळ डोकं घालून बसला. फ्रीजला काहीच झालेलं नव्हतं.

बायकोला त्याने संध्याकाळी सांगितलं. ती मशीनवर मान खाली घालून म्हणाली, "मला कळत नाही का? पण बाहेर ठेवला की सगळं बाहेर आलं. मग तुम्ही सांगा, कुणाला उभं करायचं, तिला की मला?" आणि मग तिने पाय मारला, आणि मशीनच्या आवाजात पुढचं बोलणं राहून गेलं.

त्यानंतरच्या एका सकाळी सिलिंडर संपलेला होता. चहा नव्हता, त्यामुळे घरात कुणी धड जागं नव्हतं. मुलगी टाय लावून तयार होती. तेवढ्यात विमावाल्या वहिनी धावत आल्या.

"बर्फ आहे का हो? पोरगं पलंगावरून दारावर आपटलं. हे एवढं टेंगूळ! आणि आमच्या मेल्या फ्रीजमध्ये बर्फच होत नाही!"

"गॅस भरायला सांगितलं होतं मी," फ्रीजवाला म्हणाला. माणसाने अशा वेळी असं बोलू नये, पण चहा झालेला नव्हता.

"असू दे, असू दे, मीच घेते!" म्हणत वहिनींनी दार उघडलं. घाईत त्यांनी वरचं फ्रीजर सोडून खालचा ट्रे ओढला.

ट्रे खडखडत पुढे आला. त्यात कोबी होता, गाजरं होती, आणि मागच्या शाळेचं नाव वर करून कप होता.

वहिनी वाकल्या होत्या त्या तशाच राहिल्या. फ्रीजमधला दिवा त्यांच्या तोंडावर पडला होता. बायकोने मशीनचा कोपरा धरला. फ्रीजवाल्याला वाटलं, आता बोलायला पाहिजे. आपण हा कप एका गिऱ्हाइकाचा दुरुस्तीला आणलाय असं म्हणावं, इथपर्यंत त्याची तयारी झाली.

"लांब उडी?" वहिनींनी विचारलं.

"हो," मुलगी म्हणाली.

वहिनींनी ट्रे हळूच आत ढकलला. वरचं फ्रीजर उघडलं, बर्फ घेतला, पदरासारखा ओढणीचा कोपरा करून त्यात बांधला. दारापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच थांबल्या.

"आमच्याकडे ढाल आहे," त्या म्हणाल्या. "हस्ताक्षराची. पिठाच्या डब्यात ठेवलीय."

आणि गेल्या.

फ्रीजवाल्याच्या डोळ्यांपुढे ते मॅग्नेट आलं. दोन दात नसलेला हसरा मुलगा. त्या मुलाला आता चांगले फावड्यासारखे दात होते. फोटो दरवर्षी नवा येतो. त्यांच्या दारावर तो जुनाच राहिला होता.

"म्हणजे?" बायकोने विचारलं. "त्यांचा मुलगा पण मागच्या...?"

"आम्ही एकाच बाकावर बसतो," मुलगी म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"व्हॅनमधल्या सगळ्यांनाच माहीत आहे. निम्मे तर मागेच येतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, शाळेतलं गल्लीत बोलायचं नाही." ती बुटाची नाडी बांधत होती. "सगळ्यांच्या आईबाबांनी तेच सांगितलंय. मामा म्हणतात, मोठ्यांना वाईट वाटतं, म्हणून आपण गप्प बसायचं."

मग फ्रीजवाला उठला, त्याने ट्रे ओढला, कप बाहेर काढला आणि फ्रीजच्या डोक्यावर ठेवला. बायको बघत होती. ती पुढे झाली. त्याला वाटलं, आता परत आत ठेवते. तिने कप आत ठेवला नाही, फक्त फिरवला. नाव भिंतीकडे केलं.

इतके दिवस गारठलेल्या कपाला बाहेरची हवा लागली तसा तो घामाघूम झाला. थेंब दोन्ही कानांवरून ओघळायला लागले. मुलगी स्टुलावर चढली आणि गळ्यातली टाय ओढून तिने कप पुसायला घेतला. पुसला की पुन्हा पाणी सुटे. ती पुन्हा पुसे.

खाली हॉर्न वाजला. बायकोने मुलीची टाय सरळ केली. ती चांगलीच ओली होती. तिने ती पिळली नाही, तशीच नीट बसवली.

तिघं जिन्यापर्यंत आले तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी गॅस बंद आहे का बघून येते."

व्हॅनमध्ये विमावाल्यांचा मुलगा कपाळाला बर्फ लावून बसला होता. खारू त्याच्या शेजारी बसली. दोघंही समोर बघत होती. मामांनी फ्रीजवाल्याला मान हलवली आणि व्हॅन घड्याळाच्या दिशेने निघून गेली. कोपऱ्यावर बायका बाकावर बसायला लागल्या. बायको मागून आली. विमावाल्या वहिनी सरकल्या. रोजच्यापेक्षा थोडं कमी, एवढंच की दोघींचे खांदे लागले. कुणाच्या तरी सासूच्या गुडघ्याची गोष्ट कालच्या जागेवरून पुढे सुरू झाली.

फ्रीजवाला हत्यारांची पिशवी घ्यायला परत वर गेला. दार उघडल्या उघडल्या तो थांबला.

कपाचं नाव दाराकडे होतं. कपाखाली पाण्याचं गोल डबकं साचलं होतं आणि त्यातून एक धार फ्रीजच्या कोऱ्या दारावरून सावकाश खाली उतरत होती.

सिलिंडर तर कालपासूनच रिकामा होता.