थंड हवेचा बाजार

विनीताला बाजाराचं भारी वेड. भाजीबाजाराचं नाही हो, भाजी ती ॲपवरून मागवायची. तिचं वेड धुराच्या बाजाराचं. परदेशात, जुरोंग ईस्टच्या ऑफिसात बसून ती अमेरिकन वीज कंपन्यांसाठी अहवाल लिहायची आणि प्रत्येक अहवालात एकच पालुपद: धुरावर बंदी नको, मर्यादा घाला. मर्यादेइतके परवाने वाटा. ज्याला कमी लागतात तो विकेल, ज्याला जास्त लागतात तो घेईल. अमेरिकेने आम्लपाऊस असाच आटोक्यात आणला, हे ती पाहुण्यांना वाढता वाढता सांगायची.

सांगून थांबली असती तर बरं. पण बाईसाहेबांनी हा बाजार पुंगोलच्या आपल्या फ्लॅटमध्येही मांडला. नवरा तन्मय एवढंच म्हणाला होता, की एसी जरा कमी लावू या. झालं. फ्रिजवर निळी चुंबकं आली. एक चुंबक म्हणजे आपल्या खोलीत तासभर एसी. दर सोमवारी चुंबकांची सारखी वाटणी: ती, तन्मय, शाळकरी लेक जाई आणि मिरजेहून राहायला आलेले सासरे, निशिकांतराव, म्हणजे बाबा. सासूबाई गेल्यावर त्यांना तिकडे एकट्याने करमेना, म्हणून आणलेले. चुंबकं एकमेकांना कशाच्याही बदल्यात द्यायची मुभा होती.

पहिल्याच आठवड्यापासून बाबांची चुंबकं जाईच्या रांगेत जाऊन बसू लागली. विनीता खूश. बाबांना उकाड्याची सवय, जाईला थंडावा हवा, बाजाराने आपोआप जुळवून दिलं की नाही? बाबांच्या मानेवर घामोळं उठलं तेव्हा तिने पावडरचा डबा आणून दिला आणि विषय संपवला. ऑफिसच्या सादरीकरणात मात्र फ्रिजचा फोटो घातला.

तो फोटो ह्यूस्टनहून आलेल्या तिच्या वरिष्ठ बाईंना, केलीला, फार आवडला. बाजार बघायलाच म्हणून शनिवारी ती जेवायला आली. बटाटेवडे झाले, श्रीखंड झालं, आणि विनीताने तिला फ्रिजपुढे नेलं. ही वरची रांग जाईची, ही खालची रिकामी बाबांची. सांगताना तिचा चेहरा नुसता फुलला होता.

केलीने इंग्रजीत बाबांना विचारलं, "मग याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळतं?"

बाबा टॉवेलने मान पुसत होते. "काही नाही. मला उकडत नाही," ते म्हणाले.

"आजोबा, डोन्ट ब्लफ लाह," जाई तिकडच्या शाळेतल्या ढबीत, केलीला कळेल अशा इंग्रजीत म्हणाली. "वन मॅग्नेट, वन टाइम मराठी. मी आजोबांशी फक्त मराठी बोलायचं. इंग्लिश आलं तर काउंट नाही. ते आजीच्या गोष्टी सांगतात."

तन्मय पाण्याचा जग भरायला उठला. जग भरलेलाच होता.

केली मात्र मनापासून हसली. "म्हणजे दोघांचाही फायदा. सुरेख उदाहरण आहे, विनीता."

हे वाक्य विनीताचंच होतं. अहवालाच्या शेवटी ती नेहमी हेच लिहायची. आज ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा आले त्याच आठवड्यात तिने जाईला बजावलं होतं, परीक्षा आहे, घरातही इंग्लिशच बोलायचं. नातीचा शब्द घरात महाग केला तो तिने, आणि म्हातारा माणूस घामाने भिजत तो विकत घेत होता. वर ती त्याचा फोटो लोकांना दाखवत फिरत होती. आपण कोणत्या तोंडाने त्यांना बाबा म्हणतो, असं तिला वाटलं.

केलीला टॅक्सीत बसवून आल्यावर तिने सगळी चुंबकं काढून वाटीत टाकली आणि वाटी घेऊनच ती बाबांच्या खोलीत गेली. खोली तापलेली होती. तिने एसी लावला.

"बाबा, चुकलं माझं," ती म्हणाली. "लाज वाटते मला. आजपासून हा बाजार बंद. तुम्हाला हवा तेवढा एसी लावा. आणि जाईला मी सांगते, रोज तुमच्याशी मराठीत बोलायचं."

बाबांनी पलंगावरचा रिमोट उचलला आणि एसी बंद केला.

"सांगू नकोस तिला," ते म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून ती येईल, घड्याळाकडे बघत बसेल. आत्ता निदान हौसेने येते. मध्ये एकदा गोष्ट संपली तरी उठली नाही, पुढं काय झालं म्हणाली." त्यांनी वाटीकडे बोट दाखवलं. "माझी तेवढी परत लाव, विनीता. तिला द्यायला माझ्याकडे दुसरं काय आहे?"

विनीताने वाटी उचलली. ती फ्रिजपाशी गेली आणि बाबांच्या रांगेत चुंबकं लावू लागली. जाई मागेच उभी होती, हात पुढे करून.

"आजोबांचं एक दे ना मम्मी," ती मराठीत म्हणाली. "आजच्या गोष्टीचं."

ते एक चुंबक विनीताने तिच्या हातावर ठेवलं. मान वर करून लेकीकडे बघायचा मात्र तिला धीर झाला नाही.