मानद अध्यक्षांची हार

"आज मी तुझा भाऊ," व्हीलचेअरच्या मुठी घट्ट धरत बर्त्रां म्हणाला.

"मागच्या खेपेला ओदिल माझी बायको होती," अर्सेन म्हणाला. "कुटुंब वाढतंय आमचं."

आपण अजून त्याच घरात राहतो, एवढे सांगण्यासाठी थायलंडमधल्या चिआंग माईतल्या प्रत्येक परदेशी माणसाला दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनच्या या कचेरीत यावे लागे. रांग दारातून बाहेर वाहनतळापर्यंत जाई. व्हीलचेअरला मात्र रांग नसे. ती आणि तिला ढकलणारा घरचा माणूस थेट खिडकीशी जात. त्यामुळे शहरातल्या फ्रेंच मंडळींना अर्सेनची आठवण ग्रहणासारखी गणिताने ठरलेल्या दिवशी येई. उरलेले एकोणनव्वद दिवस ती त्याचा आदर करीत.

हा आदर मोठा कसोशीचा होता. तीस वर्षांपूर्वी कौले शाकारताना छपरावरून पडल्यापासून अर्सेनच्या पायांत जीव नव्हता. हातांत मात्र तो भरपूर होता. तो रोज सकाळी घरामागच्या मुरमावर पेताँक या फ्रेंच खेळाचे लोखंडी गोळे फेकी आणि आठ मीटरवरची लाकडी गोटी दहांतून सहा वेळा गाठी. फ्रेंचांच्या पेताँक क्लबने याची योग्य ती दखल घेतली होती: त्याला मानद अध्यक्ष केले होते. मानद अध्यक्षाने चिंचेच्या सावलीत बसावे, गुण मांडावेत आणि इतरांना स्फूर्ती द्यावी. खेळू नये. नऊ वर्षे त्याने स्फूर्ती दिली होती.

खिडकी चार हातांवर असताना त्याने ब्रेक ओढला.

"रविवारी टपालवाल्यांशी सामना आहे. तिसरा कोण?"

"ठरायचंय अजून. चल ना, शेवटची तारीख आहे माझी!"

"मी तिसरा."

"अरे, पण नियम... फेकताना दोन्ही पाय रिंगणात लागतात."

"एक चाक रिंगणात असलं की पुरतं. पुस्तकात आहे. तुला कधी गरज पडली नाही, म्हणून वाचलं नसशील."

"ही शुद्ध अडवणूक आहे!"

"घरातली बाब आहे, भावा. हळू बोल."

बर्त्रांने मागच्या रांगेकडे एकदा पाहिले. मग तो पुटपुटला, "बरं, तू तिसरा."

रविवारी अर्सेनने उजवे चाक रिंगणात घातले आणि पहिलाच गोळा हातभर आखूड टाकला. "वा, अर्सेन, वा!" सगळ्या खुर्च्यांतून टाळ्या आल्या. इतका अपमान त्याचा छपरानेही केला नव्हता. टपालवाल्यांच्या कप्तान, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या साईपिनबाई, यांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी शांतपणे आपल्या गोळ्याने त्याचा गोळा उडवला. पुढे ओदिलचे उडवले, बर्त्रांचे उडवले. तासाभरात तेरा-शून्य झाले.

तेरा-शून्याने हरणाऱ्यांसाठी क्लबच्या भिंतीवर, पडद्याआड, फानी होती: फळीवर रंगवलेली, पाठमोरी, घागरा वर केलेली बाई. हरलेल्याने गुडघे टेकून तिच्या गुलाबी नितंबांचे चुंबन घ्यायचे, असा फ्रेंचांचा रिवाज. बर्त्रांने घेतले, खुर्च्या हसून कोसळल्या. ओदिलने घेतले, शिट्ट्या पडल्या. मग बर्त्रांने पडदा ओढला.

"आणि मी?" अर्सेनने विचारले.

"तुला माफी रे. अध्यक्ष तू."

"मी हरलो की नाही?"

"हरलास, पण... गुडघे टेकावे लागतात. कसं दिसेल ते?"

सगळे एकदम आपापल्या पेल्यात पाहू लागले. हरण्याचा हक्कही हे लोक इतक्या सौजन्याने काढून घेत होते की ओरडायलाही जागा नव्हती. आज ही माफी घेतली, तर उद्यापासून पुन्हा चिंच.

"एक मिनिट," साईपिनबाई उठल्या. "मी तिघांना हरवलंय. शिक्षा दोघांनाच? माझा एक माणूस कुठं गेला?"

त्यांनी पडदा सारला, फळी खिळ्यावरून काढली आणि त्याच्या तोंडासमोर धरली.

"खाली धरा, बाई," अर्सेन म्हणाला. "त्यांना वाकावं लागलं, तर मीही वाकेन."

त्यांनी फळी त्याच्या पावलांशी टेकवली. तो कमरेतून वाकला, एका हाताने चाक धरून, पार खाली, ओठ फळीला टेकेपर्यंत. मग ओदिलने दोन बोटे तोंडात घालून कर्णकर्कश शिट्टी मारली आणि सगळे अंगण खिदळू लागले.

"आखूड टाकलास पहिलाच!" बर्त्रां त्याच्यावर खेकसला. "तिथंच बुडालो आपण!"

"आणि तुझा? तुझा तर कुंपणापलीकडे कोंबडी शोधत गेला, गाढवा!"

अंधार पडेपर्यंत ते दोघे भांडत राहिले. फानीचा रंग उन्हाने सुटत आला होता. त्याचा एक गुलाबी पापुद्रा अर्सेनच्या दाढीत अडकला होता. ओदिलने तो दाखवला, तेव्हा त्याने मान वळवली आणि तो तसाच राहू दिला.