सामान्य वाचक

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी औषध कंपनीचे प्रतिनिधी राजेंद्र गाडेकर बोलायला उभे राहिले. चार मिनिटांनी माइक बंद झाला.

बैठक डॉक्टर-लेखकांच्या ‘नाडी साहित्य मंडळा’ची. सदस्य एकेचाळीस, त्यांची पुस्तकं सव्वीस. सदस्य एकमेकांची पुस्तकं शालीसह स्वीकारतात आणि दवाखान्यात बाकावरच्या जुन्या मासिकांखाली ठेवून देतात. वाचतात ते औषध कंपन्यांचे प्रतिनिधी. कवितेचं कौतुक झाल्याशिवाय गोळीची माहिती ऐकायला कोणी डॉक्टर तयार नसतो. सभागृहही तेच भरतात.

अध्यक्ष हृदयरोगतज्ज्ञ डॉ. तनुजा बोराळकर. त्यांच्या नव्या कथासंग्रहावर ‘सामान्य वाचक’ म्हणून दोन शब्द बोलायला त्यांनी गाडेकरांना सांगितलं होतं. गाडेकर बावीस वर्षं त्यांच्या दारात उभे राहत आलेले.

“जायचं तर गोड बोलून या,” सकाळी पुंडलिकनगरच्या घरात बायको सुलेखा म्हणाली होती. “आपलं घर त्या बाईच्या पेनावर चालतं.”

“माहितंय.”

“नाय, तुमचं तोंड बघून सांगतेय.”

मंडळात एक रीत आहे. बैठकीत ज्याचा फोन वाजत नाही, त्याची प्रॅक्टिस बसली असं समजतात. त्यामुळे बरेच जण निघताना कम्पाउंडरला फोन करायची वेळ सांगून ठेवतात. फोन वाजला की वाचणारा तो कापतो, मान हलवतो आणि सभागृह हसतं.

गेल्या वर्षी गाडेकरांची आई चंपाबाई गंगापूरहून आणून डॉ. बोराळकरांच्या अतिदक्षता विभागात ठेवली होती. “आई स्टेबल आहेत, तुम्ही बैठकीला या,” असं डॉक्टर म्हणाल्या. गाडेकर येऊन तिसऱ्या रांगेत बसले. डॉक्टर कविता वाचत असताना त्यांचा फोन तीनदा वाजला. “बघा, पेशंट कविता पुरी करू देत नाहीत,” म्हणत त्यांनी तो तिन्ही वेळा कापला. फोन अतिदक्षता विभागातल्या सिस्टरचा होता. हसणाऱ्यांत गाडेकरही होते.

नव्या संग्रहातल्या शेवटच्या कथेत फोन येताच डॉक्टर कविता अर्ध्यावर टाकून धावते. गंगापूरची म्हातारी तिचा हात धरते, ‘लेकी’ म्हणते आणि डोळे मिटते. कथेत म्हातारीला मुलगा नाही.

गाडेकरांनी पहिली तीन मिनिटं मुखपृष्ठाचं आणि भाषेचं कौतुक केलं. मग पुस्तक उघडलं.

“पान त्रेसष्ट. कविता अर्धी सोडली असं लिहिलंय. तसं नव्हतं झालं मॅडम. कविता पुरी झाली. सात कडवी होती. मी हितंच होतो, टाळ्या बी वाजवल्या.”

कोणीतरी खोकलं.

“गाडेकर,” डॉ. बोराळकर हसून म्हणाल्या, “साहित्यात कल्पना असते हो.”

“असंल ना. मग गाव बी कल्पनेतलं घालायचं. गंगापूर, हनुवटीवर गोंदण, चंपाबाई. नाव सुदिक तेच ठेवलं. अन् मला काढून टाकलं.”

“तो कथेचा फोकस आहे.”

“तिनं लेकी म्हटलं नाय. शेवटचं काय म्हटलं, ते सिस्टरला ठाऊक. माझं नाव घेत व्हती म्हणे.”

इथे माइक बंद झाला. पुढे बसलेल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन वाजला, तो त्यांनी घेतला आणि ते बाहेर गेले. आभार मानताना सचिवांनी सहकार्य करणाऱ्या पाच कंपन्यांची नावं घेतली. कंपन्या सहा होत्या.

सोमवारी दुपारी दोन वाजता गाडेकर नेहमीप्रमाणे बॅग घेऊन डॉ. बोराळकरांच्या दवाखान्यात गेले. रिसेप्शनवरच्या रूपाने त्यांचं कार्ड आत नेलं आणि रिकाम्या हाताने परत आली.

“मॅडम बिझी आहेत, सर.”

“असू दे. बसतो.”

मंगळवारी आणि बुधवारीही ते बसले. त्यांच्यानंतर आलेले प्रतिनिधी आत जाऊन आले. जाताना त्यांच्याकडे न बघता गेले. गुरुवारी चार वाजेपर्यंत गाडेकरांना आत बोलावलेलं नव्हतं. ते अजून बसून होते.