पाणी न लागलेली झूल

मित्रांनो, बैलाच्या पाठीवरची मी एक जुनी झूल आहे. आज माझा रंग फिका गुलाबी दिसतो, पण जन्मले तेव्हा मी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल होते. इंझोरीजवळच्या तांड्यावर धुरपताबाईंनी मला शिवले. जाड सुती कापड, कडेला कवड्या आणि मधोमध गोल आरसे. शेवटचा टाका घातल्यावर त्यांनी मला उन्हात धरले, तेव्हा साऱ्या तांड्याच्या भिंतींवर कवडसे नाचले.

किन्हीराजा गावच्या शालिग्राम पाटलांनी मला घरी आणले. पोळ्याला त्यांचा बैल तोरणाखाली उभा राहिला की लोक आधी मला बघत आणि मग बैलाला. ते कौतुक मला फार आवडे. घरातही माझा मान मोठा होता, इतका मोठा की मला कधी पाणी लागू दिले नाही. पाटलांच्या पत्नी मनकर्णाबाई म्हणत, "झुलीले पानी लागलं का बैलाचं तेज उतरते." त्यामुळे घाम, धूळ आणि केस माझ्या धाग्यांत साचत राहिले. मानाच्या वस्तूवरचा मळ कोणाला दिसत नाही, मित्रांनो. वस्तू लाल असली तर मुळीच नाही.

एकोणीसशे छत्तीस सालचा हिवाळा कडक होता. पाटलांची लेक विजयमाला गोठ्यातल्या वासरावर जीव टाकी. त्या वासराच्या डोळ्यांभोवती राखेच्या रंगाची, खरखरीत गोल चकंदळे उठली होती. त्यांचा चष्मा दिसतो म्हणून घरात सगळे त्याला 'मास्तर' म्हणत. मास्तरांना थंडी वाजू नये म्हणून विजयमाला रात्री मला त्यांच्या अंगावर घाली आणि दुपारी माझीच घडी मानेखाली घेऊन आडवी होई. थोड्याच दिवसांत तिच्या मानेवर एक गोल चट्टा उठला. त्याची कड लालसर, उंचवट्याची होती आणि मधला भाग फिकट होता. मनकर्णाबाईंनी टाकळ्याचे बी ताकात वाटून लावले. खाज थांबली, तसे लावणेही थांबले. चट्टा आणखी मोठा होऊन परत आला.

नेमकी त्याच वेळी केनवडच्या दौलतरावांच्या मुलाशी विजयमालेची सोयरीक जुळली होती. कुंकू लावायला आलेल्या बायकांना पदराखालचा चट्टा दिसला. दुसऱ्याच दिवशी दौलतराव स्वतः आले.

"शालिग्रामभाऊ, राग नका मानू. लोक म्हनून राह्यले का हा महारोग हाये. दवाखान्यात दाखवा, मंग बोलू."

त्या रात्री त्या घरात कोणी जेवले नाही. सोयरीक मोडणे एक वेळ सोसले असते, पण तो शब्द गावभर झाला असता तर त्या मुलीशी पुढे कोण बोलले असते?

पहाटे गाडी जुंपली. गाडीत मला अंथरले आणि माझ्यावर विजयमाला बसली. रात्री मुक्कामाला राहिलेले दौलतरावही खात्री करायला निघाले. वाशिमच्या दवाखान्यात गर्दी होती, म्हणून डॉक्टरांनी मुलीला बाहेर उजेडात, गाडीच्या कडेलाच तपासले. त्यांनी कापसाच्या बोळ्यातून एक तंतू ओढला.

"बाळ, डोळे मीट. तंतू जिथे लागेल तिथे बोट ठेव."

आधी हात, मग गाल. ती बरोबर बोट ठेवत गेली. मग त्यांनी तंतू हलकेच चट्ट्यावर फिरवला. शालिग्राम पाटील पुढे वाकून बघू लागले. विजयमालेने खांदा वर ओढला आणि ती फिसकन हसली.

"नका ना! गुदगुल्या होऊन राह्यल्या!"

"खाज येते?"

"लय येते."

"उत्तम," डॉक्टर म्हणाले. "महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्श नीट कळत नाही. हिला सगळे कळते. हा नायटा आहे. भिजलेल्या भाकरीवर येते तशीच एक बुरशी माणसाच्या कातडीवरही वाढते. आणि दौलतराव, महारोग असता तरी तोही आजारच. त्यासाठी माणसाला टाकायचे नसते."

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्या धाग्यांतले केस आणि राखाडी कोंडा त्यांनी चिमटीत धरून पाहिला. "घरी वासराच्या अंगावर चकंदळे आहेत?" मास्तरांचा चष्मा विजयमालेला आठवला आणि ती पुन्हा हसू लागली. मी मात्र शरमले. मास्तरांकडून तिच्याकडे ती बुरशी माझ्याच धाग्यांतून गेली होती.

डॉक्टरांनी पांढरे मलम दिले. ते चट्ट्याच्या कडेबाहेर बोटभर लावायचे आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे सोडायचे नाही, असे बजावले. मास्तरांसाठी आयोडीन दिले आणि मला पाण्यात उकळून काढायला सांगितले. झाले आता, असे वाटत होते, तेवढ्यात दौलतराव डॉक्टरांच्या कानाशी गेले.

"मलेबी द्या ना थोडं. मांडीत लय सालापासून हाये. लाजेनं कोनाले सांगतलं नाही."

"ओलं धोतर तसंच नेसता?"

"नदीवरून येतो तं अंगावरच वाळते."

गाडीवान तोंड फिरवून हसला. शालिग्राम पाटील हसले नाहीत. त्यांनी डोळे पुसले आणि व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

परत आल्यावर अंगणात मोठी कढई चढली. मला जाळावे असे कोणीतरी सुचवले, पण विजयमालेने मला छातीशी धरले. "काहून जाळता? डॉक्टर म्हनले ना, उकळा म्हनून!" पाणी खदखदू लागले तशा मनकर्णाबाई पदर खोचून दौलतरावांपुढे उभ्या राहिल्या. "व्याहीबुवा, पानी तापलंच हाये. तुमचं धोतरबी टाका याच्यात."

मित्रांनो, पाण्यात पडल्यावर माझा लाल रंग असा काही सुटला! दोरीवर मी गुलाबी होऊन आले आणि शेजारी दौलतरावांचे धोतर माझ्याहून गुलाबी. सारे अंगण पोट धरून हसले. दौलतरावांनी ते कडकडीत वाळू दिले, नेसले आणि त्याच वेशात भर बाजारातून केनवडला गेले. वैशाखात लग्न लागले. विजयमालेची मान स्वच्छ होती, आणि वरातीच्या बैलावर मी, फिकी पण हलकी, वाऱ्यावर उडत होते.

म्हणून सांगते, मुलांनो. अंग कोरडे ठेवा, दुसऱ्याचा पंचा आणि अंथरूण वापरू नका, आणि खाज थांबली म्हणून मलम थांबवू नका. अंगावर काही उठले तर लपवू नका. दुसऱ्याच्या अंगावर दिसले तर त्याच्यापासून दूर पळू नका, त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि तुमच्या घरात फार मानाचे म्हणून कधीच न धुतलेले एखादे कापड असेल, तर येत्या उन्हाच्या दिवशी ते धुऊन दोरीवर टाका. थोडा रंग गेला तर जाऊ द्या.