बांधापलीकडचं वाय-फाय

सॅन्टन मास्तर आणि त्यांचा धाकटा भाऊ गॉडफ्रे यांचं बोलणं बंद होतं, भांडण मात्र चालू होतं. ते वाय-फायवरून चालायचं.

दोघांच्या वाड्यांमधल्या बांधावरून वाद झाला तेव्हा गॉडफ्रेने आपल्या वाय-फायचं नाव ‘बांध_आमचाच’ ठेवलं. मास्तरांनी आपल्या वाय-फायला ‘कागद_बघ’ असं नाव देऊन उत्तर दिलं. या नावांत मराठी अक्षरं फार मावत नाहीत, त्यामुळे वादाला एक मुद्देसूदपणा आला होता. शिवाय इंटरनेट जोडणाऱ्या मुलाला सांगून मास्तरांनी आपला राउटर भावाच्या राउटरपासून शक्य तितका लांबच्या चॅनेलवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, नेला होता. गॉडफ्रे एकवर, मास्तर तेरावर. भारतात त्यापुढे चॅनेल असते तर मास्तर तिथेही गेले असते.

त्या रविवारी टोरांटोमध्ये त्यांच्या नातीचा, एलिसाचा, पहिला कोमुन्यो, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याचा सोहळा, होता. इथल्या संध्याकाळी साडेसातला तो चर्चमधून थेट दिसणार होता. एलिसाच्या फ्रॉकवरची पांढरी वेल मास्तरांच्या बायकोने, मटिल्डाने, इथे बसून भरली होती आणि ती वेल तिला नातीच्या अंगावर पाहायची होती.

“मोबाइलवर बघ की,” मास्तर म्हणाले.

“मोबाइलात नात चवळीच्या दाण्याएवढी दिसते. वेल काय दिसणार? टीव्हीवर लावा.”

टीव्हीवर लावायचं तर त्याला लॅपटॉप जोडायला हवा. तो होता. मुलाने, मेलरॉयने, टोरांटोहून ईस्टरला येणाऱ्या एकाबरोबर सारखेच दोन लॅपटॉप पाठवले होते, एक बापाला, एक काकाला. दोन्हींत त्याने विंडोजऐवजी स्वतःच लिनक्स घालून दिलं होतं, कारण ते फुकट असतं आणि त्याची तत्त्वं असतात. काकाने त्याच दिवशी उघडला. बापाने प्लॅस्टिकसकट कपाटात ठेवला, तो आज बाहेर काढला.

लॅपटॉपला फक्त ‘बांध_आमचाच’ दिसत होतं.

“वायरलेस कार्डाचा ड्रायव्हर गेलाय,” मास्तरांनी निदान केलं. इंटरनेटवर लोकांनी तेच लिहिलं होतं. दुपारीच ते तुळिंजला जाऊन पेनड्राइव्हवर ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, घेऊन आले होते. तो त्यांनी चढवला. उतरवला. मोबाइलवर बघून काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप केल्या, पुन्हा चढवला. एका जाणत्याने लिहिलं होतं की असले प्रश्न विचारण्याआधी माणसाने वाचन वाढवावं. मास्तरांनी छत्तीस वर्षं हेच वाक्य मुलांना ऐकवलं होतं, म्हणून ते जास्तच लागलं.

“कार्ड बिघडलंय तर गॉडफ्रेचं कसं दिसतंय?” मटिल्डाने विचारलं.

“तेवढंच दिसावं असा बिघाड आहे.”

“मेलरॉयला विचारा.”

“तो चर्चमध्ये. फोन बंद.”

“मग मी डेल्फिनकडून पासवर्ड आणते.” डेल्फिन गॉडफ्रेची बायको. जावांचं बोलणं कधीच बंद पडलं नव्हतं.

“खबरदार! त्याच्या वाय-फायवरून माझ्या नातीचा कोमुन्यो बघायचा? उद्या बांध मागेल!”

हे वाक्य खिडकीतून बाहेर, केळींमधून, बांध ओलांडून गेलं. मटिल्डाही कुंपणाशी जाऊन डेल्फिनला बरंच काही सांगून आली. सात वाजून गेले होते. तिने टीव्हीसमोर मांडलेल्या खुर्च्या पुन्हा भिंतीला लावायला घेतल्या. मास्तरांना ते पाहवेना, म्हणून ते लॅपटॉपकडे बघू लागले.

‘बांध_आमचाच’ गायब झालं. त्या जागी नवीन नाव आलं: ‘घड्याळ_बघ’.

मास्तरांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. वेळ संपत आल्याबद्दल टोमणा मारतोय, असं त्यांना वाटलं.

“अहो, लॅपटॉपातलं बघा,” मटिल्डा म्हणाली. “तिथे सकाळ आहे.”

कोपऱ्यात सकाळचे पावणेदहा झाले होते. लॅपटॉप वसईत येऊन टेबलावर बसला होता, पण स्वतःच्या समजुतीने अजून टोरांटोतच होता. घड्याळ जिथलं, तिथले नियम तो पाळत होता; टोरांटोच्या नियमांत वाय-फायचे अकराच चॅनेल, त्यामुळे तेरावर कोणी राहत असेल हेच त्याला मान्य नव्हतं. मास्तरांनी वेळ भारताची केली आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला.

‘कागद_बघ’ दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना ते वाचून आनंद झाला.

गॉडफ्रेला हे कसं कळलं, ते डेल्फिननेच नंतर सांगितलं. आपल्या मोबाइलवर ‘कागद_बघ’ दिसतं आणि मेलरॉयने दिलेल्या लॅपटॉपवर दिसत नाही, हे बघून दादा माघार घेतोय की काय, अशी त्याला आशा वाटली होती. खात्री करायला तो खोलात शिरला, तेव्हा दोष घड्याळाचा निघाला आणि तो निराश झाला.

टीव्हीवर एलिसा रांगेत पुढे सरकली. गळ्यापासून घेरापर्यंत वेल. मटिल्डा उठून पडद्याला नाक लावून उभी राहिली.

“एक पान उलटं भरलं गेलंय,” ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली.

कार्यक्रम संपल्यावर मास्तरांनी बराच विचार करून आपल्या वाय-फायचं नाव बदललं: ‘ये_जेवायला’.

थोड्या वेळाने पलीकडून उत्तर आलं: ‘बांधावरून?’

मास्तरांचा चेहरा पालटला. “बघ! बघ कसा खोचून विचारतोय! थांब, याला आता—”

मटिल्डाने राउटरची पिन उपटली, मागचं दार उघडलं आणि तोंडाने हाक मारली, “गॉडफ्रे! डेल्फिनला घेऊन ये रे, मटण गार होतंय!”

केळींमागून लगेच आवाज आला, “आलो, वहिनी!”

तो बांधावरच उभा होता.