ओमच्या नावाची हाक

आवडी पोटच्या पोराला त्याच्या नावाने कधी हाक मारत नसे. बाळा म्हणायची, सोन्या म्हणायची. चिडली तरी कुडपणच्या बाकीच्या बायांसारखं 'मेल्या' मात्र तोंडातून निघू द्यायची नाही.

कारण ओम हे नाव आधी दुसऱ्याचं होतं. पहिला ओम आठ महिन्यांचा असताना तापाने फणफणला. तेव्हा डोंगरावर कुडपणला गाडी येत नव्हती. तो मांडीवर, ती डोलीत, असं चौघे जण तिला खाली पोलादपूरच्या दवाखान्यात नेत होते. निम्म्या उतारावरच ती म्हणाली, "थांबा. आता काय उपेग नाय." ओढ्याकाठी त्याला पुरला. शेजारच्या बनुबाईने बजावलं, "रड गो, पन नावानं हाकारू नको. आयकलं तर वाटेतनं मागं फिरंल." आवडीने ओठ शिवून घेतले.

पुढल्या वर्षी दसऱ्यानंतर दुसरा झाला. नवरा सहदेव मुंबईत कँटीनमध्ये कामाला. माझा ओमच परत आला, म्हणत त्याने हट्टाने तेच नाव ठेवलं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा याच्या जन्माची नोंद नव्हती आणि पहिल्याच्या मरणाचीही कुणी केली नव्हती. पेटीत पहिल्याच्या जन्माचा दाखला होता. सहदेवने तोच गुरुजींपुढे ठेवला. नाव तेच, बाप तोच; काम फत्ते! आवडीला मात्र धास्ती बसली. त्याचं नाव घेतलं, तारीख घेतली, एक दिवस तो आपलं मागायला येणार. दर बारा मार्चला, दाखल्यावरच्या त्या तारखेला, ती पोराला अंगणातसुद्धा सोडायची नाही.

आणि यंदा, दोन हजार दोन साली, सहदेव नेमका त्याच दिवशी महाडहून केक घेऊन आला. जीपच्या धक्क्यांनी केक एका अंगाला बसलेला. वर दहा मेणबत्त्या. पोर खरं तर साडेआठचं.

"साहेबाच्या पोरांचा करतात, आपल्या पोराचा का नको?" सहदेव म्हणाला.

दिवेलागणीला वाडीतली पोरं जमली. मेणबत्त्या फुंकायच्या हे ऐकून बनुबाई उंबऱ्यातूनच करवादली, "दिवं इझवून कसला वाढदिस रं?"

"आधी ओवाळू दे मला," आवडी म्हणाली.

पोर पाटावर बसलं. तिने कुंकू लावलं, सुपारी फिरवली, निरांजनाचं ताट उचललं, आणि ती थबकली. ओवाळून आयुष्य मागायचं. आज पहिल्याच्या दिवशी मागितलेलं जाणार कुणाला?

"आये, नाव घेऊन ओवाळ," पोर म्हणालं. "तू माला कदी ओम म्हनत नाय. मी तुजा नाय काय?"

तिच्या मनात आलं, मेलेल्याला अडवता अडवता आपण जित्यालाच परकं केलं.

"ओम," ती म्हणाली.

पोराने झटकन ओ दिली, खुशीत. आवडीने मात्र ताट तसंच धरलं. तिची नजर मागच्या दाराकडे, ओढ्याच्या वाटेकडे लागली होती. मेणबत्त्यांचं मेण केकवर ओघळायला लागलं.

"अगो, ओवाळ ना," सहदेव म्हणाला.

तिने दाराकडे तोंड करून पुन्हा हाक मारली, मोठ्याने, अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी. "ओम!"

"ओ," पोरच म्हणालं, जरा भीत भीत.

वाटेवर कुणी नव्हतं. पाचोळासुद्धा वाजला नाही. इतकी वर्षं ज्याच्या येण्याला ती भ्याली, त्याचीच वाट बघत होती हे तिला आत्ता कळलं, आणि तो येणार नाही हेही. ताट खाली ठेवून तिने टाहो फोडला.

पोर पाटावरून उठून तिला बिलगलं. "आये, मी हाय ना हितं," ते म्हणत राहिलं. तिने त्याला घट्ट धरलं होतं. त्याचं बोलणं तिला ऐकू येत होतं, तरी रडू थांबत नव्हतं.